वाटणे, वाटणी आणि इंग्रजी क्रियापदे

इंग्रजीच्या वहीत शब्दार्थांचे दोन रकाने पाडण्याची पद्धत आपल्या शाळांतून फार जुनी आहे. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे त्याचा मराठी अर्थ, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री दोन्हींचे पाठांतर. या पद्धतीचे उपकार आम्ही नाकारीत नाही. परंतु काही शब्द असे आहेत की त्यांच्यापुढे ही पद्धत थिटी पडते. 'डिव्हाइड' म्हणजे वाटणे, 'डिस्ट्रिब्यूट' म्हणजे वाटणे, 'शेअर' म्हणजे वाटून घेणे, 'अलॉट' म्हणजे वाटून देणे, 'ॲलोकेट' म्हणजे वाटप करणे, 'अपोर्शन' म्हणजे वाटणी करणे! उजवा रकाना एकाच धातूने भरून जातो आणि डाव्या रकान्यातील सहा शब्दांत भेद काय, हे विद्यार्थ्यास अखेरपर्यंत उमगत नाही. मग तो मिठाई मुलांना 'डिव्हाइड' करतो, फळाचे 'इन फोर पार्ट्स' तुकडे करतो आणि गुण का गेले म्हणून गुरुजींस विचारतो.

आमचे मत असे आहे की हा दोष केवळ व्याकरणाचा नाही. वाटणे ही मनुष्यसमाजातील एक मोठी क्रिया आहे. कोणाजवळ काय आहे, ते कोणास मिळावयाचे, किती मिळावयाचे आणि ते कोणी ठरवावयाचे, हे चार प्रश्न प्रत्येक वाटणीत दडलेले असतात. इंग्रजीतील ही क्रियापदे या चार प्रश्नांची वेगवेगळी उत्तरे देतात. ज्याला त्यांतील भेद कळला, त्याला पुढे सरकारी पत्र, कायद्याचे कलम किंवा कारखान्यातील सूचना वाचताना आपल्या वाट्याला काय आले हेही नेमके कळेल.

प्रथम आपल्या घरातील धन पाहू. मराठीत 'वाटणे' हा एकच शब्द आहे अशी समजूत कोणी करून घेऊ नये. आपण पंगतीत जेवण वाटीत नाही, वाढतो. फळाची फोड करतो, भाकरीचा चतकोर मोडतो, शेताचे हिस्से पाडतो, काम नेमून देतो, देवापुढची खिरापत वाटतो. भाऊ विभक्त होतात तेव्हा वाटणी होते, देश विभागला जातो तेव्हा फाळणी होते. संक्रांतीच्या हळदीकुंकवात आपल्या आया-बहिणी वाण 'लुटतात' आणि दसऱ्याला आपण सोने लुटतो. येथे लुटणे म्हणजे हिसकावणे नव्हे, हात मोकळा सोडून देणे होय. हिंदीतून इंग्रजीत गेलेल्या 'लूट' या शब्दाने त्याचे भाषांतर करू पाहणारा मनुष्य आपल्या आयांना दरोडेखोर ठरवील! इतका सूक्ष्म भेद जी भाषा करू शकते, तिच्या मुलांना इंग्रजीतील भेद समजणार नाहीत असे मानण्यास काहीच कारण नाही.

या शब्दांचे कुळही पाहण्यासारखे आहे. संस्कृतातील 'भज्' धातूचा एक मूळ अर्थ वाटणे, वाटा मिळणे असा आहे. त्यापासून भाग, विभाग, विभाजन हे शब्द झाले. भाज्य, भाजक आणि भागाकार हे गणितातील शब्द त्याच कुळातले. वाट्याला आलेले ते भाग्य. ताटात पडलेला वाटा म्हणजे 'भक्त', आणि त्याचाच मराठीत झाला भात. आपला 'वाटा' आणि भोपाळच्या बाजारात रोज कानी पडणारा हिंदी 'बाँटना' हीसुद्धा एकाच घरची भावंडे आहेत.

इंग्रजीचेही असेच आहे. 'शेअर' या शब्दाचे मूळ कापणे या अर्थाच्या जुन्या शब्दात असून मेंढीची लोकर कातरण्याचा 'शिअर' त्याचा नातलग आहे. पत्ते वाटण्याचा 'डील' आणि दान वाटण्याचा 'डोल' हे दोघे 'भाग' या अर्थाच्या एकाच जुन्या शब्दाचे वंशज होत. 'अलॉट'मधील 'लॉट' म्हणजे नशिबाचा कौल घेण्यासाठी टाकलेली काडी किंवा चिठ्ठी. म्हणूनच इंग्रजीत मनुष्याच्या नशिबालाही 'लॉट' म्हणतात. वाटा आणि भाग्य यांची सांगड आपल्या पूर्वजांप्रमाणे त्यांच्याही पूर्वजांनी घातली होती, हे पाहून कौतुक वाटते.

आता मुख्य क्रियापदांकडे वळू. 'डिव्हाइड' या क्रियापदाची दृष्टी वस्तूवर असते. एक वस्तू होती, तिचे भाग झाले, एवढेच ते सांगते. भाग कोणास मिळाले हे सांगणे त्यास बंधनकारक नाही. नदी गावाला 'डिव्हाइड' करते, पण कोणाला काही देत नाही. म्हणून भागांची संख्या सांगताना 'इन्टू' हे अव्यय लागते. केक 'इन्टू फोर पार्ट्स', नुसते 'इन' नव्हे. घेणारे सांगावयाचे असतील तर 'बिट्वीन' किंवा 'अमंग' येते, 'टू' येत नाही. गणितात भाजकापूर्वी 'बाय' येते. येथे एक सावधगिरी हवी. आपल्याकडे गणिताच्या तासाला 'थ्री इन्टू फोर' म्हणजे तीन गुणिले चार असे सर्रास म्हणतात. इंग्लंडातील मुलगा मात्र 'थ्री इन्टू ट्वेल्व्ह' ऐकताच भागाकार करू लागतो.

भागाकाराचेही दोन चेहरे आहेत. बारा लाडू तीन मुलांत सारखे वाटले, तर प्रत्येकास किती? आणि बारा लाडवांतून प्रत्येकास तीन दिले, तर किती मुलांना पुरतील? उत्तर दोन्हीकडे चारच. पण पहिल्या उदाहरणात चार लाडू आहेत आणि दुसऱ्यात चार मुले. अंक तेच असूनही अर्थ बदलतो. शब्दांचेही असेच आहे.

'डिस्ट्रिब्यूट' या क्रियापदाची दृष्टी घेणाऱ्यांवर असते. येथे वस्तू कापावी लागत नाही, ती अनेकांपर्यंत पोचावी लागते. शाळेत पुस्तके 'डिस्ट्रिब्यूट' होतात, म्हणजे एकेक पुस्तक एकेका हाती जाते. तीच पुस्तके इयत्तांप्रमाणे लावून ठेवली तर ती 'डिव्हाइड' झाली. 'डिस्ट्रिब्यूट' करणारा सामान्यतः बाहेर उभा असतो. त्याच्या हातून वस्तू जाते, त्याच्यासाठी काही उरलेच पाहिजे असे नाही. घेणाऱ्यांपूर्वी 'टू' आणि 'अमंग' ही दोन्ही अव्यये येथे चालतात.

'शेअर'चे मर्म मात्र वेगळे आहे. देणारा स्वतःही वाटेकरी राहतो, हे त्यात अभिप्रेत असते. पुस्तके कमी पडली की गुरुजी दोघांत एक पुस्तक देतात. ते पुस्तक 'शेअर' केले जाते. ते 'डिव्हाइड' केले तर प्रत्येकाच्या हाती अर्धे फाटके पुस्तक येईल! खोली, दुःख, जबाबदारी, आनंद या गोष्टी कापल्या जात नाहीत, पण 'शेअर' होतात. 'स्प्लिट'मध्ये चिरण्याचा किंवा फुटण्याचा भाव आहे. लाकूड 'स्प्लिट' होते, पक्षातही 'स्प्लिट' होते. आपल्याकडे 'डिव्हाइड अँड रूल' या इंग्रजी वचनाला 'फोडा आणि झोडा' असे रूप मिळाले. ज्याने ते दिले तो खचित मर्मज्ञ असला पाहिजे. त्याने 'वाटा' असे भाषांतर केले असते तर सारा अर्थच बुडाला असता.

'बिट्वीन' आणि 'अमंग' यांविषयीही थोडे बोलले पाहिजे. दोघांत असेल तर 'बिट्वीन', दोहोंहून अधिकांत असेल तर 'अमंग', असा नियम आपण सर्वांनी पाठ केला आहे. नवशिक्याच्या हाती काठी म्हणून तो ठीक आहे, परंतु तो अबाधित सिद्धान्त नव्हे. प्रत्येक घटकाचा स्वतंत्रपणे विचार होत असेल तर दोहोंहून अधिकांतही 'बिट्वीन' येऊ शकते, आणि ऑक्सफर्डच्या बृहत्कोशानेही हा वापर फार जुना असल्याचे नोंदविले आहे. याचे उत्तम उदाहरण आपल्या भारतीय संविधानात सापडते. अनुच्छेद २८० मध्ये वित्त आयोगाची कामे सांगितली आहेत. त्यातील एकाच उपखंडात आपले चार शब्द ओळीने आले आहेत. करांचे जे निव्वळ उत्पन्न केंद्र आणि राज्ये यांत 'डिव्हाइड' व्हावयाचे, त्याचे त्यांच्यामधील 'डिस्ट्रिब्यूशन' कसे व्हावे, आणि राज्यांच्या 'शेअर्स'चे त्यांच्यात्यांच्यात 'ॲलोकेशन' कसे व्हावे, याची शिफारस आयोगाने करावयाची आहे. राज्ये अनेक, तरी शब्द योजला आहे तो 'बिट्वीन'. प्रत्येक राज्याचा हिस्सा स्वतंत्रपणे मोजला जातो, म्हणून तो योग्यच आहे. १९५१ साली नेमलेल्या पहिल्या आयोगापासून आजतागायत राज्यांच्या तिजोरीत येणाऱ्या मोठ्या रकमा या एका वाक्याच्या आधारे ठरत आल्या आहेत. क्रियापदे ही केवळ परीक्षेपुरती नसतात, ती अशी.

भोपाळच्या मराठी घरांना तर या शब्दांची ओळख पुस्तकातून करून घेण्याचे कारणच नाही. त्यांतील कित्येकांचा इतिहासच या क्रियापदांनी लिहिला गेला आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती. त्या राज्याचे विभाजन होऊन विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. उरलेला प्रदेश, मध्य भारत, विंध्य प्रदेश, भोपाळ राज्य आणि राजस्थानातील सिरोंजचा भाग मिळून नवा मध्य प्रदेश झाला व भोपाळ त्याची राजधानी ठरली. येथे राज्य 'डिव्हाइड' झाले. त्याची मालमत्ता आणि देणी प्रमाणानुसार ठरवून देण्यात आली. राज्य पुनर्रचना अधिनियमात त्यासाठी 'अपोर्शनमेंट' हा शब्द आहे. 'अपोर्शन' म्हणजे नुसते वाटणे नव्हे. कोणाचा किती भाग हे काही प्रमाण धरून ठरविणे असा त्याचा अर्थ आहे, आणि तो लाभाइतकाच कर्जाला व दोषालाही लागू पडतो. सेवक कोणत्या राज्याच्या सेवेत जाणार यासाठी त्याच अधिनियमात 'अलॉट' हे क्रियापद आले आहे. आणि नव्या राज्यातील मोठी कार्यालये निरनिराळ्या नगरांत विखुरण्यात आली. राजधानी भोपाळला, उच्च न्यायालय जबलपूरला, लोकसेवा आयोग इंदूरला, महसूल मंडळ ग्वाल्हेरला. हे झाले 'डिस्ट्रिब्यूशन'.

या एका घटनेत विद्यार्थ्याने भेद ध्यानात घ्यावा. राज्य विभागले गेले, देणी प्रमाणशीर वाटली गेली, कार्यालये विखरून दिली गेली, आणि माणसे नेमून दिली गेली. मराठीत चारही ठिकाणी 'वाटणी' म्हटले तरी चालून जाईल. परंतु ज्या कारकुनाचे बिऱ्हाड नागपुराहून भोपाळला आले, त्याच्या दृष्टीने प्रदेशाची वाटणी आणि माणसाची वाटणी एक कशी असेल? प्रदेशाला घर सोडावे लागत नाही!

'अलॉट' आणि 'ॲलोकेट' यांतील फरकही येथेच सांगतो. ठराविक जागा, ठराविक घर, ठराविक क्रमांक एका व्यक्तीच्या नावे नेमून देणे म्हणजे 'अलॉट'. आपल्या गोविंदपुऱ्यात, पिपलानीत किंवा बरखेड्यात कारखान्याच्या वसाहतीतील क्वार्टर 'अलॉट' होते, म्हणजे अमुक क्रमांकाचे घर अमुक कर्मचाऱ्यास. पैसा, वेळ, माल एखाद्या कामासाठी राखून ठेवणे म्हणजे 'ॲलोकेट'. शाळा बांधण्यासाठी रक्कम 'ॲलोकेट' होते. पूर्वी चिठ्ठी टाकून 'लॉट' ठरत असे, आणि महाराष्ट्रात म्हाडाच्या घरांची आजही सोडत निघते. तेव्हा 'अलॉट'ने आपले मूळ अगदीच सोडलेले नाही.

गोविंदपुऱ्याचे नाव घेतले की वीज आठवावी हे स्वाभाविक आहे. १९५६ साली हेवी इलेक्ट्रिकल्स या सार्वजनिक कंपनीची स्थापना झाली आणि भोपाळच्या या माळावर भला मोठा कारखाना उभा राहिला. पुढे १९७४ साली ती कंपनी भारत हेवी इलेक्ट्रिकल्समध्ये विलीन झाली. रोहित्रे, टर्बाइन, विद्युत मोटारी करणाऱ्या या कारखान्याच्या सावलीत वाढलेल्या मुलांना विजेच्या भाषेतून आपली क्रियापदे सहज कळतील. समांतर जोडणीत विद्युतप्रवाह 'डिव्हाइड' होतो, एका मार्गाचे अनेक मार्ग होतात. घराघरांत वीज पोचविणे ते 'डिस्ट्रिब्यूशन', म्हणजे वितरण. दोन जनित्रे एकत्र चालून एकच भार उचलतात ते 'लोड शेअरिंग', कारण दोघेही भाराचे वाटेकरी असतात. आणि वीज कमी पडली की काही भागांचा पुरवठा बंद करणे ते 'लोड शेडिंग', ज्याला महाराष्ट्रात भारनियमन असे सभ्य नाव मिळाले. 'शेअरिंग' आणि 'शेडिंग' या शब्दांच्या उच्चारात फारसे अंतर नाही. पण एकात भार वाटून घेतला जातो आणि दुसऱ्यात कोणाला तरी अंधारात ठेवले जाते. या शतकाच्या पहिल्या दशकात मध्य प्रदेशाच्या विद्युत मंडळाचे निरनिराळ्या कंपन्यांत विभाजन झाले आणि त्यांतील मध्य क्षेत्राच्या वितरण कंपनीचे मुख्य कार्यालय गोविंदपुऱ्यातच आहे. मंडळ 'डिव्हाइड' झाले, त्याची लेकरे वीज 'डिस्ट्रिब्यूट' करतात. दोन्ही क्रियापदे एकाच फाटकावर भेटली!

आता आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा भेद. काही क्रियापदे हक्काची आहेत आणि काही कृपेची. 'डोल आउट' म्हणजे थोडे थोडे, हात आखडून, उपकार म्हणून देणे. पहिल्या महायुद्धानंतर इंग्लंडात बेकारांना मिळणाऱ्या साहाय्याला लोक 'डोल' म्हणू लागले, आणि त्या शब्दात घेणाऱ्याविषयीची तुच्छता कायम राहिली. 'रॅशन' हा मोजणी या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून आलेला. टंचाईच्या काळात प्रत्येकास मर्यादित पण ठरलेला वाटा, हा त्याचा अर्थ. त्याच्याजवळ औदार्य नाही, पण नियम आहे. आपण आजही 'रेशनचे दुकान' म्हणतो, तरी सरकारी भाषेत त्या व्यवस्थेला सार्वजनिक वितरण प्रणाली असे नाव आहे. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियमाने प्राधान्य गटातील प्रत्येक व्यक्तीस दरमहा पाच किलो धान्याचा हक्क दिला. ते धान्य 'डोल आउट' होत नाही, हक्काने मिळते. तरीही वृत्तपत्रांत 'सरकारने धान्याची खैरात केली' असे कोणी लिहितो, तेव्हा तो एका क्रियापदाच्या जोरावर गरीब मनुष्याचा हक्क हिरावून घेतो.

मात्र वाट्याला चांगले नाव असले म्हणजे वाटणी न्याय्य असते असेही नाही. आपल्या गावगाड्यात बलुतेदाराला शेतातल्या पिकाचा वाटा मिळे. ऐकताना ते सुखाचे वाटते. पण काम जन्माने ठरलेले आणि वाट्याचे माप दुसऱ्याच्या हाती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महार वतनासंबंधी विधेयक मांडले ते अशाच वाटणीतील दास्य मोडण्यासाठी. किती मिळते यापेक्षा ते कोण ठरवितो, हा चौथा प्रश्न येथे निर्णायक ठरतो.

घरातील वाटणीचेही तेच. मुलगा झाला तर पेढे आणि मुलगी झाली तर बर्फी वाटण्याची चाल आपल्यात आहे. मिठाईत फार मोठा अन्याय नाही असे कोणी म्हणेल. परंतु मिठाईत सुरू झालेला भेद जमिनीच्या वाटणीपर्यंत जात असे. महाराष्ट्राने १९९४ साली आणि साऱ्या देशाने २००५ साली कायदा बदलून एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला जन्मतःच मुलाइतका वाटा दिला, आणि २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने तो हक्क अधिक स्पष्ट केला. तेव्हा 'बहिणीला काहीतरी दिले' असे म्हणण्याचा काळ संपला आहे. तिला दिले नाही, तिचे होते ते तिला मिळाले. इंग्रजीत सांगावयाचे तर तो तिचा 'शेअर' आहे, 'डोल' नव्हे.

शेवटी एक तक्रार. अलीकडे मराठी बोलताना प्रत्येक ठिकाणी 'शेअर करणे' म्हणण्याची चाल पडली आहे. निरोप 'शेअर' करतात, छायाचित्र 'शेअर' करतात, दुःखही 'शेअर' करतात. इंग्रजी शब्द आला म्हणून आम्ही रागावत नाही. टेबल आणि रेल्वे आल्याने मराठी बुडाली नाही. परंतु निरोप कळवावा, छायाचित्र पाठवावे, गुपित सांगावे, दुःख हलके करावे आणि लाडू वाटून खावा, अशी पाच क्रियापदे घालवून त्यांच्या जागी एकच आणणे हा काही नफ्याचा सौदा नव्हे. इंग्रजी शिकताना आपण सहा शब्दांचा एक केला, आणि मराठी बोलताना पाचांचा एक करीत आहोत. दोन्हीकडे तोटा आपलाच.

म्हणून विद्यार्थिमित्रांना आमचे सांगणे एवढेच आहे. शब्दार्थांच्या वहीत यापुढे दोनऐवजी तीन रकाने पाडावे. तिसऱ्यात प्रत्येक क्रियापदापुढे आपल्या घरातले, वसाहतीतले किंवा बाजारातले एक उदाहरण लिहावे आणि वर सांगितलेले चार प्रश्न त्याला विचारून पाहावे. आईला विचारले तर ती निदान दहा मराठी क्रियापदे सांगेल, कारण घरात वाढण्याचे आणि वाटण्याचे काम बहुधा तिच्याच वाट्याला आलेले असते. तेही वाटून घेण्यासारखे आहे, हे जाता जाता लक्षात आले तर इंग्रजीचा तास सार्थकी लागला असे आम्ही समजू.